हुशार क्वार्टरबॅकचा हंगाम

यंदा रंगाचा वास आळीत जरा लवकरच सुटला. श्रावण लागला की पेणमध्ये हा वास दारंखिडक्या लावल्या तरी घरात शिरतो, दोरीवरच्या कपड्यांना लागतो, आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले तरी माझ्याच पदराला येत राहतो. समोरच्या कारखान्यात गणपती ओळीने बसलेले असतात. कुणाचं पितांबर रंगून झालेलं, कुणाला अजून डोळेच नाहीत. लोकांना या वासाने सण आठवतो. मला गेल्या वर्षीचा श्रावण आठवला आणि डोकं फिरलं. गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका फुटबॉल संघाची मॅनेजर होते आणि माझ्या क्वार्टरबॅकने मला जेरीस आणलं होतं.

हसायचं असेल तर हसून घ्या. पेणच्या शाळेत गणित शिकवणारी, पन्नाशी उलटलेली बाई, आणि फुटबॉल संघाची मॅनेजर. संघ खरा नव्हे, कॉम्प्युटरमधला. खेळाडू खोटे, त्यांची नावं खोटी, मैदान खोटं. चिडचिड मात्र शंभर टक्के खरी होती.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा तो नव्हे. अमेरिकेतला. नाव फुटबॉल आणि चेंडू धरायचा हातात, इथूनच मला तो पटला नव्हता. क्वार्टरबॅक म्हणजे त्यातला कर्ता माणूस. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून धिप्पाड माणसं त्याला आडवं पाडायला धावत सुटतात. तेवढ्या दोन-तीन क्षणांत त्याने मैदानभर नजर फिरवून आपला मोकळा माणूस हेरायचा आणि चेंडू त्याच्याकडे फेकायचा. त्याला तेवढी उसंत मिळावी म्हणून त्याच्यापुढे आपलीच पाच आडदांड माणसं भिंत करून उभी राहतात. त्यांच्या हाती चेंडू येत नाही आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. मॅनेजरने स्वतः काहीच खेळायचं नसतं. खेळाडू निवडायचे, डावपेच भरायचे आणि गप्प बसायचं. सामना कॉम्प्युटर खेळतो. आपल्याकडे सकाळ झाली की त्याचा लांबलचक अहवाल येऊन पडलेला असतो. मी एका हाताने चहा ढवळत दुसऱ्या हाताने तो वाचायची, आणि चहा बहुतेक वेळा गार व्हायचा.

हे लचांड माझ्या गळ्यात घातलं विलासने, माझ्या धाकट्या भावाने. तो रोह्याला राहतो, तिथल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आहे. त्याचा आयटीआयमधला एक दोस्त बोटीवर नोकरी करता करता अमेरिकेत स्थायिक झाला. तिकडे मित्रामित्रांत त्यांची या खेळाची लीग चालते. एका संघाला मॅनेजर नव्हता. विलासने हौसेने हो म्हटलं, संघाला पेणच्या नदीवरून ‘भोगावती बफेलोज’ असं झोकदार नाव दिलं, आणि मग ते डावपेचांचं इंग्रजी जंजाळ बघून मला फोन केला.

‘‘ताई गो, मला यातलं काय कळत नाय. तू हुशार हायेस, तू बघ.’’

आमच्या घरात हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले असेन. वडील शिक्षक. गावाकडची भातशेती केव्हाच कसायला दिलेली. त्यामुळे घरात कौतुक फक्त मार्कांचं. मी हुशार आणि विलास ढ, अशी वाटणी मी चौथीत असतानाच झाली, आणि मग कुणी ती पुन्हा तपासली नाही. मला वाटायचं, हुशार म्हटलं की आपल्याला काहीतरी मिळालं. मिळालं काय, तर कामं. लाइटबिल चुकीचं आलं, तू बघ. तलाठ्याकडे जायचंय, तू बघ. बाबांना मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचंय, तू बघ. विलासचं लग्न ठरवायचंय, तेही तूच बघ; नीताचं स्थळ मीच आणलं. माझ्या लग्नाचं कुणी बघितलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि फारशी रंजकही नाही.

तर रेडेही मीच बघायला लागले. संघाला आम्ही दोघं रेडेच म्हणायचो. आठवड्यातून दोन सामने. सामन्याच्या सकाळी विलास पहिल्या पाळीला जाताना किंवा रात्रपाळीहून सुटताना फोन करायचा, आणि आम्ही तावातावाने भांडायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एरवी त्याचे फोन असे, आईची तब्येत कशी, पाऊस काय म्हणतो, बरं ठेवतो. आता तो पाच-पाच मिनिटं बोलायचा. समोरच्या कारखान्यात मुकुट रंगवणारी मंदाताई फाटकाशी उभी राहून विचारायची, ‘‘काय गो बाय, सकाळी सकाळी कोनाला गाल्या देतेस?’’

मी म्हणायची, ‘‘मास्तरला.’’

मास्तर म्हणजे आमचा क्वार्टरबॅक. त्याचं कॉम्प्युटरने ठेवलेलं नाव डेल हॅन्शॉ. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडे असतात. हाताची ताकद किती, नेम किती, पाय किती चपळ. आणि एक आकडा बुद्धीचा. हॅन्शॉच्या हाताला ताकद बेताची, पाय तर म्हशीचे. पण बुद्धी चौऱ्याण्णव! अख्ख्या लीगमध्ये तेवढी कुणाला नव्हती. मी दुसरं काही बघितलंच नाही. मला वाटलं, हा आपल्यातला आहे. विलास म्हणाला, ‘‘हा तर मास्तर दिसतोय,’’ आणि ते नाव चिकटलं.

आता या बुद्धीने नेमकं काय होतं, हे त्या खेळात कुणालाच ठाऊक नव्हतं. संताप येतो तो इथे. लीगच्या चर्चेच्या पानावर मी रोज वाचायची. एकाचं म्हणणं, बुद्धी असली की क्वार्टरबॅकला समोरच्यांचा डाव आधी ओळखू येतो. दुसऱ्याचं म्हणणं, छे, डावपेच लवकर पाठ होतात, एवढंच. तिसरा म्हणे, काहीच होत नाही, तो आकडा नुसता शोभेचा. खेळ बनवणारा माणूस तोंड उघडायला तयार नाही. मी गणिताची बाई. मी सरावाचे सामने लावून पाहिले. एकदा मास्तरला उभं केलं, एकदा राखीव पोराला, ज्याची बुद्धी जेमतेम पन्नास. बाकी सगळं जसंच्या तसं. निकालात काडीचा फरक नाही! कधी मास्तर बरा, कधी ते पोरगं. मी वही आपटली आणि स्वयंपाकाला लागले.

आणि सामने आम्ही हरत होतो. एक झाला, दोन झाले, मग मोजणं सोडलं.

याच दिवसांत आई माझ्याकडे वॉकर घेऊन चालायला शिकत होती. आषाढात ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला हवं, रोज, कुणीतरी सोबत हवं. कुणीतरी म्हणजे मीच. सकाळी शाळेत जाण्याआधी पडवीतून चार फेऱ्या, संध्याकाळी आल्यावर चार. मधल्या वेळेला एक बाई येऊन बसायची. आईला ती आवडायची नाही. तिच्या हातचा चहासुद्धा ती अर्धा ठेवून द्यायची.

आणि याच दिवसांत मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, की गणिताच्या शिक्षकांना शिकवणारे शिक्षक तयार करायचे आहेत, पुण्यात महिनाभराचं निवासी प्रशिक्षण आहे, आणि शाळेने माझं नाव सुचवलंय. मला हे किती हवं होतं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. वर्षानुवर्षं तेच ल.सा.वि., म.सा.वि. शिकवताना मला मुलांच्या चुका तोंडपाठ झाल्या होत्या. कुठल्या पायरीला कोण अडखळणार, ते मला आधी दिसायचं. दुसऱ्या शिक्षकांना ते दाखवावं असं फार वाटायचं. त्या दुपारी मी स्टाफरूममध्ये न जाता मागच्या व्हरांड्यात जाऊन एकटीच हसले.

महिनाभर आईला रोह्याला न्यायला हवं होतं, बास. पेणहून रोहा म्हणजे काही विलायत नाही.

मी विलासला फोन केला. आधी अर्थातच रेड्यांचा विषय निघाला. त्या आठवड्यात मला संघात काटछाट करायची होती. सगळ्या खेळाडूंचा पगार ठरलेल्या मर्यादेत बसवावा लागतो, आणि मास्तर महागडा. मी भिंतीतली दोन चांगली माणसं सोडून द्यायचं ठरवलं होतं.

‘‘सोड ना,’’ विलास म्हणाला. ‘‘मास्तर हुशार हाय. त्याला कशाला लागतायत राखणदार? तो बघून घेईल.’’

मलाही ते अगदी बरोबर वाटलं. मी त्या दोघांना सोडलं आणि त्याच फोनवर पुण्याचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘‘माझी शिफ्ट बदलत असते गो. नीता पण दुकानात जाते. आईला इथे करमणार नाय. तू कर काहीतरी, तुला सुचेल. तू हुशार हायेस.’’

मला काही सुचलं नाही. मी मुख्याध्यापकांना घरच्या अडचणीमुळे जमत नाही असं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘काही हरकत नाही, पुढच्या वेळी.’’ माझ्याऐवजी दुसऱ्या शाळेचे एक सर गेले. मी घरी आले आणि आईच्या फेऱ्या घातल्या. ती म्हणाली, आज चेहरा का असा? मी म्हटलं, मास्तर हरला.

खोटं नव्हतं. मास्तर हरतच होता, आता तर फारच वाईट. अहवाल वाचवत नव्हता. मला त्याचा राग यायचा, खरा राग, वर्गात हुशार मुलगा कोरा पेपर देतो तेव्हा येतो तसा. चौऱ्याण्णव बुद्धी घेऊन हा करतो काय? एवढं कळतं तर वळत का नाही? मी आईसमोर त्याला मूर्ख, आळशी, नुसता पुस्तकी असं काहीबाही म्हणायची. आईला वाटायचं मी शाळेतल्या कुणा सरांविषयी बोलतेय. ती समजुतीने मान हलवायची.

हंगाम संपता संपता मी चिडून चर्चेच्या पानावर मोठं पत्र लिहायला घेतलं, की बुद्धीचा आकडा ही निव्वळ फसवणूक आहे. पुरावा द्यायचा म्हणून सगळे जुने अहवाल उघडले. गणपती बाहेर पडायचे दिवस होते. समोर टेम्पोत पेंढा पसरत होते, माणसं मागे घे, मागे घे ओरडत होती, आणि मी पडवीत बसून डावामागून डाव वाचत होते. तोवर मी कधी शेवटच्या शब्दाखेरीज काही बघितलंच नव्हतं. पाडलं. पाडलं. पुन्हा पाडलं. आता पूर्ण ओळी वाचल्या. हॅन्शॉने डावीकडचा मोकळा माणूस हेरला, चेंडू सुटण्याआधी त्याला पाडलं. हॅन्शॉने समोरच्यांची चाल ओळखली, डाव बदलला, पाडलं. जवळजवळ प्रत्येक डावात तेच. त्याला सगळं दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं. त्याला चेंडू फेकायला उसंत नव्हती, कारण त्याच्यापुढची भिंत मुळातच कच्ची होती, आणि त्यातली चांगली माणसंही मी काढून टाकली होती. तो हुशार आहे म्हणून.

मी पत्र पुसून टाकलं. लॅपटॉप मिटला. खोट्या संघातल्या खोट्या माणसाची मला इतकी कणव यावी, याचीच मला लाज वाटली. आणि मग कणव मास्तरची येत नव्हती, हेही कळलं. आत आई हाक मारत होती. तिची फेरी राहिली होती.

तरीही मी लगेच काही केलं नाही. माणूस कळल्याबरोबर बदलत नाही, निदान मी तरी नाही. वर्ष गेलं. आई वॉकर सोडून काठीवर आली. बोर्डाचे पेपर तपासून झाले, आंबे झाले, शाळा पुन्हा भरली. मी मनात ठरवून ठेवलं होतं की यंदा हंगाम सुरू झाला की काहीही होवो, मास्तरपुढे चांगली पाच माणसं उभी करायची. मग बघू बुद्धी काय करते ते. मला उत्तर हवं होतं.

आणि यंदा तो रंगाचा वास सुटला त्याच आठवड्यात लीगचा निरोप आला. नवा हंगाम सुरू होतोय, अमुक खेळाडू निवृत्त झाले. त्यात डेल हॅन्शॉ.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कॉम्प्युटर खेळाडूंचं वय वाढवतो आणि एका वर्षी त्यांना घरी पाठवतो, कुणाला विचारत नाही. म्हणजे मला आता कधीच कळणार नव्हतं. मी इतकी भडकले की मंदाताई फाटकातून आत आली. ‘‘काय झालं गो? कोन गेलं?’’ मी म्हटलं, ‘‘कुणी नाही, एक मास्तर रिटायर झाले.’’ ती म्हणाली, ‘‘मग बरंच हाय की. पेन्शन हाय ना?’’

मला हसू आलं नाही. शाळेत गेले तर मुख्याध्यापकांनीच विषय काढला. पुण्याचं प्रशिक्षण यंदाही होतं. गेल्या वर्षी तुमचं राहिलं, म्हणाले, विचार करून उद्या सांगा. मी म्हटलं, ‘‘विचार झालाय. मी जाणार.’’ कुणालाही न विचारता मी आयुष्यात असं पहिल्यांदा बोलले असेन. व्हरांड्यात येऊन लगेच विलासला फोन लावला.

‘‘मी महिनाभर पुण्याला चाललेय. आई तुझ्याकडे राहील.’’

‘‘अगं, पण माझी शिफ्ट...’’

‘‘मास्तर रिटायर झाला, विलास.’’

तिकडे बॉयलरचा घुमणारा आवाज तेवढा येत होता. ‘‘आपला मास्तर?’’

‘‘हो. एकही सामना नीट न खेळता गेला. त्याच्यापुढे कुणी उभंच नव्हतं. मीच काढली होती माणसं. तू म्हणालास तो हुशार आहे, मलाही पटलं, आणि तो बिचारा रोज मार खात बसला. मला तसं जायचं नाही. मला खूप राग आलाय, तुझा पण आलाय, आणि मी पुण्याला जाणार आहे.’’

माझा आवाज चढला होता. शिपाई वळून बघायला लागला. विलास चालत बाहेर आला असावा, बॉयलरचा आवाज मागे पडला.

मग तो म्हणाला, ‘‘आईला कधी आणतेस?’’

‘‘रविवारी. आणि सगळं नीतावर ढकलू नकोस. तू कर.’’

‘‘व्हय,’’ तो म्हणाला.

रविवारी आम्ही पेणहून रोह्याची गाडी धरली. आई खिडकीशी. पायाशी तिची बॅग आणि माझी बॅग, मांडीवर तिच्या औषधांची पिशवी. बाहेर भाताची खाचरं हिरवीगार उभी होती. मला वाटेत कितीतरी गोष्टी आठवत राहिल्या ज्या विलासला सांगायच्या राहिल्या होत्या. तिला चहा कसा लागतो, रात्रीचा दिवा कुठे हवा, पाय दुखला तरी ती सांगत नाही. नागोठणं गेलं तेव्हा मी फोन काढून लिहायलाही घेतलं, आणि परत ठेवला.

‘‘त्याला जमणार नाय गो,’’ आई बाहेर बघत म्हणाली.

‘‘नाही जमलं तर नाही जमलं,’’ मी म्हटलं. माझ्याच तोंडचं ते वाक्य मला परक्यासारखं वाटलं.

विलास फलाटावर उभा होता. रात्रपाळी करून तसाच आलेला, कंपनीच्या निळ्या कपड्यांत, डोळे तांबारलेले. त्याने आईला खाली उतरवून घेतलं आणि दंडाला धरलं, चुकीच्या बाजूने. ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला आधार द्यायला हवा, हा दुसरीकडे उभा. माझं तोंड उघडलंच होतं.

‘‘अरे, इकडनं नाय,’’ आई म्हणाली. ‘‘हा पाय चांगला हाय माझा. त्या बाजूला ये.’’

‘‘ह्या?’’

‘‘ह्या. आणि ओढू नकोस. माझ्या चालीने चल.’’

तो मुकाट्याने बाजू बदलून तिच्या चालीने चालायला लागला. औषधांची पिशवी त्याने माझ्या हातातून घेतली, तिची बॅग खांद्याला लावली. जिन्याशी दोघं थांबली. तिने काठी त्याच्याकडे दिली आणि कठडा धरला. काहीतरी म्हणाली, तो हसला. मी फलाटावर उभी राहून बघत होते.

तीच गाडी मागे फिरली आणि मी तिच्यात बसून पुण्याच्या वाटेला लागले. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढंच होतं? त्याला बाजू माहीत नव्हती, तिने सांगितली, त्याने ऐकली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझं एक वर्ष गेलं, आणि त्याच्याआधीची किती गेली ते मोजायची माझी हिंमत नव्हती. निडी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. विलास. काय विचारायचं असेल ते मला ठाऊक होतं, गोळ्या जेवणाआधी की नंतर. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी फोन हातात धरून बसले आणि तो वाजू दिला. वाजून वाजून बंद झाला. मग गाडी सुटली, आणि तो पुन्हा वाजेल म्हणून मी थेट नागोठण्यापर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. पुन्हा वाजला नाही.